आमच्या टीव्हीखालचा देव्हारा

आमच्या घरात दोन देव्हारे आहेत. एक आईचा, स्वयंपाकघरात. दुसरा दादाचा, हॉलमध्ये, टीव्हीच्या खाली. दोन्हीकडे रात्रंदिवस दिवे लुकलुकतात, दोन्हीकडे उगाच हात लावलेला चालत नाही आणि दोन्हीकडे नेमकं काय चालतं ते घरातल्या एकेकाच माणसाला ठाऊक असतं. म्हणजे असायचं.

'देव्हारा' हे नाव आईनंच ठेवलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दादानं टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यातून तिचे ठेवणीतले कप बाहेर काढले आणि तिथे पत्त्यांच्या कॅटएवढं एक सर्किट आणून ठेवलं. रास्पबेरी पाय. मग शेजारी आला मिनी पीसी. कुठल्यातरी ऑफिसातून रिटायर झालेला, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड उचललेला. मग चार टीबीची हार्डडिस्क. मग नेटवर्क स्विच. मग वायरींचं असं काही जंजाळ झालं, की मी त्याच्या वाढदिवसाला लेबल छापायचं मशीन दिलं. या सगळ्या सेटअपमधलं माझं तेवढंच योगदान, बरीच वर्षं.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा प्राणी असेलच. लंच टाइममध्ये तुम्ही कुठल्या तरी अ‍ॅपच्या सबस्क्रिप्शनबद्दल कुरकुरता आणि तो पोळीचा घास हातात धरून म्हणतो, "अरे, हे तर घरीच होस्ट करता येतं!" आमचा दादा त्यातला. घरात जे जे बाहेरून येतं ते ते घरात बनवता येईल का, हा त्याचा फंडा. आई लोणच्याबद्दल असते ना, अगदी तसा.

तर त्या कप्प्यात काय काय चालायचं? पायवर 'पाय-होल'. हा आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखा. घरातला कुठलाही फोन एखाद्या साइटचा पत्ता विचारायला निघाला, की आधी याच्याकडे येतो. पत्ता जाहिरातवाल्यांचा असेल, तर हा सरळ सांगतो, "असं कोणी इथे राहत नाही." मिनी पीसीवर 'जेलीफिन'. त्यात बाबांच्या नाटकांच्या जुन्या सीडी. 'होम असिस्टंट' नावाचं एक प्रकरण पण होतं, त्यातून हॉलचे दिवे फोनवरून लागायचे. आईनं ते दोन आठवड्यांत बंद पाडलं. "बटण भिंतीवर आहे ना? मग लाइट लावायला आधी चष्मा, मग फोन कशाला शोधू?" यावर दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे अजूनही नाही.

आणि 'इमिच'. हे सगळ्यात महत्त्वाचं. गूगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा बंद केली, तेव्हा दादा चिडला होता. पंधरा जीबी संपले की पैसे भरा. पैसे भरायला त्याची ना नव्हती, पण घरचे फोटो दर महिन्याला भाडं भरून दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचे ही कल्पनाच त्याला सोसेना. इमिच म्हणजे साधारण तसंच अ‍ॅप, पण कपाट आपलं. फोनमधले फोटो आपोआप टीव्हीखालच्या डिस्कवर येतात, चेहरे ओळखले जातात, तारखा लावल्या जातात. २०२३ मध्ये त्यानं ते बसवलं.

बाबांनी वीजबिलाचा मुद्दा काढला होता. दादानं मीटर लावून दाखवलं, सगळं मिळून वीसेक वॅट. बाबांनी कागदावर गुणाकार केला. महिन्याला साधारण चौदा-पंधरा युनिट. "बरं," म्हणाले आणि पेपर उघडला. आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

जानेवारी २०२४ मध्ये दादाला नेदरलँड्सला, आइंडहोवनला नोकरी लागली. बॅगा भरताना मी विचारलं, "आणि हे? याचं काय?"

"सगळं लिहून ठेवलंय अगं. टेन्शन नको घेऊस."

खरंच लिहून ठेवलं होतं. कुठे, तर त्याच मिनी पीसीवर.

पुण्यात राहणाऱ्यांना गुरुवारचं महत्त्व सांगायला नको. दुरुस्तीसाठी लाइट जाते, कधी पाणीही जातं. दादा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातला असाच एक गुरुवार. मी फ्रीलान्सर, म्हणजे ऑफिस म्हणजे डायनिंग टेबल, आणि पाच वाजेपर्यंत अठराशे शब्द पाठवायचे होते. अकरा वाजता लाइट आली. राउटरचे दिवे लागले, वायफायच्या दांड्या फुल, आणि इंटरनेट ठप्प. कुठलीच साइट उघडेना. बाबांचं शेअर मार्केट बंद. आईच्या भजनी मंडळाचा ग्रुप बंद. दहा मिनिटांत दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मासकॉम केलंय हो! मला 'लीड' कसा लिहायचा ते येतं, राउटर कसा उठवायचा ते नाही.

मोबाइल डेटावरून दादाला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात. तो सायकलवर.

"पाय गेला असेल," तो शांतपणे म्हणाला. म्हणजे रास्पबेरी पाय. पण हॉलमधून आई किंचाळली, "कोणाचा?"

झालं होतं ते असं. पायचा सगळा संसार एका मेमरी कार्डावर असतो, फोनमध्ये घालायचो तसल्या. कार्डावर काहीतरी लिहिलं जात असताना अचानक वीज गेली, तर ते कधीकधी कायमचं बिघडतं. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे-दिव्यांना. टीव्हीचा पॉइंट त्यावर नाही. कार्ड मेलं, पाय-होल मेला आणि वॉचमनच गायब म्हटल्यावर कोणालाच कोणाचा पत्ता मिळेना. दादा लांबून टेलस्केलमधून घरच्या मशीनवर शिरू शकायचा, पण ते टेलस्केलही पायवरच चालायचं. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

त्यानं मला राउटरमध्ये शिरून डीएनएस बदलायला लावलं. १.१.१.१ टाकलं, सेव्ह केलं, आणि भजनी मंडळ सुरू झालं. चार मिनिटांचं काम. लेख पाच वाजून दहा मिनिटांनी गेला. पण त्या दिवशी मला एक गोष्ट जाम टोचली. आमचं अख्खं घर एका माणसाच्या डोक्यावर चाललं होतं आणि ते डोकं आता साडेतीन तास मागे होतं. मी ठरवलं, हे आपण शिकायचं.

शिकायचं म्हणजे कंटेनर शिकायचे. कारण देव्हाऱ्यातला एकेक देव कंटेनरमध्ये बसलेला.

एक्स्प्रेसवेला लागण्याआधी कळंबोलीला न्हावाशेवाकडून येणाऱ्या ट्रेलरांची रांग तुम्ही बघितली असेल. त्यात टीव्ही असो, टायर असो की तूरडाळ, पेटी तीच, मापं तीच, क्रेन तीच. हा उद्योग ज्यानं जोमात आणला तो माल्कम मॅक्लीन मुळात अमेरिकेतला ट्रकवाला. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सॉफ्टवेअरमधल्या कंटेनरला हे नाव तिथूनच मिळालंय. प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामानसुमान त्याच्यासकट एका पेटीत भरायचं, म्हणजे पेटी कुठल्याही मशीनवर उतरवली तरी तसंच चालतं. "माझ्या मशीनवर तर चालतंय," हे वाक्य ऐकून ज्यांच्या कानाचे पडदे फाटलेत त्यांना याची किंमत कळेल. यामागची लिनक्समधली यंत्रणा जुनीच होती. पण मार्च २०१३ मध्ये पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांत डॉकर दाखवलं आणि ज्याला जमत नव्हतं त्यालाही ते जमायला लागलं.

मला मात्र ते कळलं मिसळणाच्या डब्यावरून. हळदीची वाटी वेगळी, मोहरीची वेगळी, तिखटाची वेगळी. एक सांडली तर दुसरीत जात नाही. पण डबा एकच, झाकण एकच. इथे झाकण म्हणजे मशीनचं लिनक्स. सगळ्या वाट्या तेच वापरतात, म्हणून प्रकरण हलकं राहतं. (व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रत्येक मसाल्याला झाकणासकट वेगळा डबा. ओटा पुरायचा नाही.) मी हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "फार काही चुकीचं नाही." इंजिनीअरकडून याहून मोठं कौतुक मिळत नाही.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. कंटेनर हा टाकून द्यायचाच असतो. नवी आवृत्ती आली की जुना फेकायचा, नवा काढायचा, दोन मिनिटांचं काम. जे जपायचं ते कंटेनरच्या आत ठेवायचंच नाही. ते बाहेर, व्हॉल्यूममध्ये. "कंटेनर गेला तर रडायचं नाही," दादा म्हणाला. "व्हॉल्यूम गेला तर रडायचं." मी हसले. वहीत लिहूनही घेतलं.

मग आमची भांडणं सुरू झाली. कारण दादा पॉडमनच्या पक्षात गेला होता. डॉकरचा एक कारभारी प्रोग्रॅम मागे सतत चालू असतो आणि त्याच्या हातात सहसा मशीनचे सगळे अधिकार असतात. रूट! पॉडमनला कारभारीच नाही. कंटेनर साध्या युजरच्या नावावर चालतात, एखादा बिघडला किंवा कोणी त्यात घुसलं तरी त्याच्या हातात फार काही लागत नाही. रेड हॅटनं बनवलेलं, १.० आवृत्ती २०१९ ची. कमांड जवळपास त्याच. माझी एक मैत्रीण मोठ्या कंपनीत आहे, तिच्याकडे तर अख्खी टीम पॉडमनवर गेली. डॉकरनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं, की २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असेल तर डॉकर डेस्कटॉपचे पैसे भरा. कंपन्यांनी हिशोब केला आणि काहींनी दुकान बदललं. घरगुती वापराला ते फुकटच आहे, आणि लिनक्सच्या मशीनवर नुसतं डॉकर इंजिन चालवायला डेस्कटॉप लागतही नाही.

तत्त्व म्हणून दादाचं बरोबर आहे. पण मी एक महिना पॉडमन वापरलं आणि परत फिरले. एकदा मी मशीनमधून लॉगआउट केलं आणि माझ्याबरोबर सगळे कंटेनरही घरी गेले! (त्याला 'लिंगर' नावाचं सेटिंग लागतं, हे नंतर कळलं.) पाय-होलला ५३ नंबरचा पोर्ट पाहिजे, तर साध्या युजरला १०२४ च्या खालचा पोर्ट मुळात देतच नाहीत, त्याला आणखी एक खटपट. प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे, नाही असं नाही. पण रात्री साडेअकराला काही बंद पडलं आणि मी शोधायला गेले, तर सापडणारी दहातली नऊ उत्तरं डॉकर कंपोजची असतात. कंपोजची फाइल वाण्याच्या यादीसारखी दिसते. हे दोन, ते एक, हा पोर्ट, हा फोल्डर. मला वाचता येते. मी दादाला म्हटलं, "तू सुरक्षिततेचा विचार करतोस, मी स्वतःच्या झोपेचा." त्यानं 'ओके' टाइप केलं. पूर्णविरामासकट. म्हणजे रागावला होता.

पायला मेमरी कार्डाच्या जागी छोटी एसएसडी लावली. कप्प्याला यूपीएस आला. टेलस्केल दोन मशीनवर टाकलं. बॉस, मी फॉर्मात होते. 'लिटरली' घराची आयटी हेड. आईनं भजनी मंडळात सांगितलंसुद्धा.

आता आजीबद्दल. बाबांची आई, वय अठ्ठ्याऐंशी, वाईला काकाकडे असते. तिच्या ट्रंकेत जुन्या फोटोंचा ढीग होता, कोपऱ्यांना वाळवी लागायला आलेली. मी ते सगळे स्कॅन केले. चारशेच्या वर. इमिचमध्ये टाकले. इमिचनं चेहरे ओळखून गट पाडले आणि प्रत्येक गटाखाली रिकामी जागा ठेवली: नाव द्या. गंमत म्हणजे त्यानं आजीच्या आईला आणि मला एकच माणूस ठरवलं. आजी ते बघून बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "यंत्राला बरं कळतं गं."

२०२५ च्या गणपतीला आजी पुण्याला आली. अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला, आणि रविवार ते बुधवार चार दुपारी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. मोठ्या स्क्रीनवर एकेक चेहरा. आजी नाव सांगायची, मी टाइप करायची. ही इंदूआत्या, हिच्या लग्नात पाऊस. हा बापू, हा कधी हसायचाच नाही, बघ फोटोतही नाही. एका फोटोत मेणवलीच्या घाटावर पाच बायका उभ्या, नऊवारीत, उन्हानं डोळे बारीक केलेल्या. शेवटची जरा उंच. आजीनं लगेच नाव सांगितलं. दोन मुलांची आई झाल्यावरही ही घाटावरून पात्रात उडी मारायची, सासूला कळेपर्यंत पलीकडे पोचलेली असायची. आजी हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणायला गेले. त्या आधी नाव टाइप केलं. ते मला पक्कं आठवतं. नाव आठवत नाही.

चार दिवसांत एकसष्ट नावं झाली. बुधवारी संध्याकाळी काका येऊन तिला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. यावेळी लाइट गेली नाही. यावेळी मी होते.

मिनी पीसीच्या आतली डिस्क भरत आलीये, असा निरोप दोन दिवस येत होता. जुन्या आवृत्त्यांचा कचरा साठतो, तो काढायचा असतो. मला इमिचही अपडेट करायचं होतं, म्हणून सगळे कंटेनर खाली उतरवले. मग साफसफाई. जुन्या इमेज उडवल्या, थोडीच जागा झाली. आणखी काय उडवता येईल म्हणून शोधलं, तर एक कमांड मिळाली: डॉकर व्हॉल्यूम प्रून, पुढे 'ऑल'. डॉकरनं रीतसर विचारलं. कुठल्याही कंटेनरच्या वापरात नसलेले सगळे व्हॉल्यूम काढतोय, नक्की का? मी मनात म्हटलं, वापरात नसलेलेच ना, मग हरकत काय? वाय दाबलं.

तुम्ही यातले असाल तर आत्ता तुमच्या पोटात खड्डा पडला असेल. माझ्या पडायला पाच मिनिटं लागली. कंटेनर तर मीच खाली उतरवले होते. त्यामुळे त्या क्षणी कुठलाच व्हॉल्यूम कोणाच्याच वापरात नव्हता. डॉकरच्या लेखी सगळेच बेवारस. त्यातला एक इमिचचा डेटाबेस.

फोटो गेले नाहीत. ते चार टीबीच्या डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये होते, जसेच्या तसे. गेलं ते फोटोंबद्दलचं सगळं. अल्बम, चेहरे, नावं. मी इमिच चालू केलं तर ते म्हणालं, "स्वागत आहे, नवीन अकाउंट उघडा." जणू आम्ही कधी भेटलोच नव्हतो.

दादा मीटिंगमध्ये होता, मी त्याला सात वेळा फोन केला. सातव्या वेळी त्यानं उचलला आणि मी बोलण्याऐवजी रडले. त्याला वाटलं घरी कोणाला काही झालं. मग त्याला कळलं काय झालंय ते, आणि मी अपेक्षा करत होते ते वाक्य तो बोलला नाही. वहीत लिहिलेलं. त्याबद्दल मी त्याची आयुष्यभर ऋणी आहे. म्हणाला, "मनू, बॅकअपचं फोल्डर उघड. फोटोंच्या डिस्कवर. तिथे बघ."

इमिच स्वतःहून आपल्या डेटाबेसची नक्कल त्या फोल्डरमध्ये ठेवतं. रोज रात्री दोन वाजता, शेवटच्या चौदा प्रती. मी उघडलं. फाइल्स होत्या! शेवटची तारीख ७ सप्टेंबर. रविवार, पहाटे दोन.

"रोज नाही का होत?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. मग दादा हळूच म्हणाला, "मी आठवड्याला केलं होतं. जागा वाचावी म्हणून."

एक प्रत काही शे एमबीची. डिस्क चार टीबीची. त्या दिवशी आम्ही दोघंही सारखेच मूर्ख ठरलो, आणि मला ते जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळपर्यंत त्यानं लांबून ती प्रत चढवली. वर्षभराचे अल्बम आले, आमची सगळ्यांची नावं आली. रविवारी पहाटे दोनपर्यंतचं जग परत आलं. रविवारी दुपारनंतरचं नाही. एसएसडीवरून पुसलेलं परत काढता येतं का, यावर दादानं दोन रात्री घालवल्या. काही निघालं नाही.

(इमिचचे लोक तेव्हा स्वतःच सांगायचे, की हे अजून कच्चं आहे, आमच्या एकट्याच्या भरवशावर फोटो ठेवू नका. पहिली 'स्टेबल' आवृत्ती, २.०, त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. पण यात त्यांची काही चूक नव्हती. वाय मी दाबलं होतं.)

आता प्रत रोज निघते. एक टीव्हीखाली, एक बाबांच्या कपाटातल्या डिस्कवर, एक आइंडहोवनला दादाच्या कपाटात. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागा, त्यातली एक घराबाहेर. या धंद्यातला हा जुना नियम आहे, तीन-दोन-एक. डेटाबेसचा व्हॉल्यूम काढून तिथे साधा फोल्डर केला, म्हणजे कुठल्याही प्रूनला तो दिसणार नाही. दादानं लिहिलेली माहिती मी प्रिंट काढून फाइलला लावली. फाइल आईच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असते, पंचांगाच्या शेजारी. जागा आईनंच दिली.

दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन वाईला गेले. आजीला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, "आजी, परत एकदा करूया का?" सकाळी ती एकदम फ्रेश असते, दुपारनंतर नावं घसरायला लागतात. सप्टेंबरमध्ये तसं नव्हतं, की मला दिसलं नव्हतं, माहीत नाही. एकसष्टपैकी चोपन्न नावं परत मिळाली. काही माझ्याच लक्षात होती, काही काकांनी सांगितली. सहा चेहरे आजीनं बाजूला ठेवले, "उद्या सांगते" म्हणून, आणि उद्याही बाजूलाच ठेवले.

घाटावरच्या त्या उंच बाईपाशी ती थांबली.

"ही होय... ही आपल्यातली नाही. कोणी पाहुणी आली असेल."

"आजी, ही पोहायची ना? सासूला न सांगता?"

"पोहायचो की आम्ही सगळ्याच," आजी म्हणाली आणि पुढचा फोटो दाखव म्हणून खूण केली.

या वेळी मी एक काम जादा केलं. ट्रंकेतले मूळ फोटो काढून प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलनं नावं लिहिली. आजी बघत होती. म्हणाली, "मग ते यंत्र कशाला आणलंस?" मी म्हटलं, शोधायला. तिला ते पटलं नसावं.

नोव्हेंबरात एकदा सकाळी साडेसहाला फोन वाजला. आजी स्वतःहून फोन करत नाही, काकाकडून लावून घेते. मी दचकूनच उठले.

"अगं, ती घाटावरची. पोहणारी."

"हं, आजी?"

"नाव येतंय बघ जिभेवर. 'व'वरून होतं."

"वत्सला? वनिता? विमल?"

"नाही गं. दुसरं काहीतरी. आठवलं की सांगते." आणि फोन ठेवला.

मी अंथरुणातूनच इमिच उघडलं, त्या चेहऱ्याखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि 'व' एवढंच टाइप केलं. सध्या तिचं नाव तेच आहे.